उस्ताद, सेफ्टीवाले आणि नवा ड्रायव्हर: विदर्भातल्या पोरांचे नेहमीचे प्रश्न

वणी, घुग्घुस, राजुरा, उमरेड या पट्ट्यात कोळसा, सिमेंट आणि गिट्टीच्या गाड्यांवर दरवर्षी गावागावांतून नवी पोरं चढतात. मी आधी गाडी चालवली. आता एका ट्रान्सपोर्टरकडे नव्या ड्रायव्हरांचा स्टिअरिंगवरचा हात पाहायचं काम करतो. पोरं जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न ऑफिसात येतात, बरेचसे टपरीवर आवाज खाली करून. उत्तरं माझी आहेत, तुमच्या सेठला (गाडीमालकाला) किंवा उस्तादाला (शिकवणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला) ती सगळी पटतीलच असं नाही.

हेवी लायसन्सला नेमकं काय लागतं?

वयाची वीस वर्षं पूर्ण हवीत आणि लाईट मोटरचं लायसन्स मिळून किमान एक वर्ष झालेलं हवं. सोबत ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म ५, आणि डॉक्टरचा फॉर्म १-ए. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, त्यामुळे शाळेच्या दाखल्याच्या नावाखाली एजंट पैसे मागत असेल तर त्याला रस्ता दाखवा. ट्रान्सपोर्टचं लायसन्स आता पाच वर्षांचं मिळतं. गॅस, पेट्रोल, ॲसिड अशा धोकादायक मालासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते, तिची मुदत तीन वर्षं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासून बऱ्याच पोरांना वाटतं की लाईटच्या लायसन्सवर सगळंच चालतं. तसं नाही. तो निकाल साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीसाठी आहे. छोटा हत्ती, ४०७ ठीक. हायवासारखा मोठा टिपर नाही.

मी अजून क्लीनर आहे. रात्री रोड मोकळा असला की उस्ताद स्टिअरिंग देतात. चालवू का?

लर्निंग लायसन्स नसेल तर नाही. इथले निम्मे ड्रायव्हर क्लीनरकीतूनच तयार झालेत हे मलाही माहीत आहे, आणि त्यातले कित्येक उत्तम चालवतात. पण विनालायसन्स चालवणाऱ्याला पाच हजार दंड किंवा तीन महिने कैद आहे आणि गाडी देणाऱ्यालाही तेवढंच. ते एकवेळ भरून सुटाल. खरी गोची अपघात झाला की होते. विमा कंपनी हात वर करते, सेठ म्हणतो मी तर चाबी उस्तादाला दिली होती, उस्ताद म्हणतो मी झोपलो होतो. मग गाडीत जागा असलेला माणूस एकच उरतो.

लर्निंग काढा, 'एल' लावा, शेजारी पक्कं लायसन्सवाला जागा बसलेला असू द्या. 'जागा' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे.

उस्तादाकडून काय शिकून घ्यायचं?

जे कोणत्याच क्लासात शिकवत नाहीत ते. सगळ्यात आधी सकाळचा फेरा. चांगला उस्ताद चाबी लावण्याआधी गाडीभोवती फिरतो आणि फिरताना बोलत नाही. त्याची नजर कुठे जाते ते पाहा. चाकाच्या नटापासून रिमवर गंजाची तांबूस रेघ निघालेली दिसली की तो थांबतो, कारण नट ढिला झाला की तिथे धातू घासतो, पाणी शिरतं आणि रेघ उमटते. नट हाताने हलणार नाही, पण रेघ खोटं बोलत नाही. मग तो हवेच्या टाकीचा ड्रेन ओढतो. पाणी आलं तर ब्रेकच्या लाईनमध्ये ओल आहे. जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड काढतो, कारण तोच दगड साठच्या स्पीडला उडून मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसतो.

हवा भरून काटा वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही. हेही बऱ्याच नव्यांना 'का' ते न सांगता शिकवलं जातं. आजच्या गाड्यांत पार्किंग ब्रेक स्प्रिंगने धरलेला असतो आणि हवेने सुटतो. हवा कमी असताना जोर करून गाडी काढली तर ब्रेकचे लायनर घासतात, आणि पुढे उतारावर बझर वाजायला लागला की तुमच्याकडे जेवढी हवा उरली आहे तेवढेच ब्रेक उरलेले असतात.

दुसरं म्हणजे वळण. आपल्याकडचे रस्ते सरळ, त्यामुळे नवा पोरगा पहिल्यांदा घाबरतो तो नागपूर-अमरावती रोडवरच्या तळेगावच्या घाटात, नाहीतर परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना. पण त्याहून जास्त गाड्या घासतात त्या गावातल्या चौकात. मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून जातात. डावीकडे वळताना आतल्या बाजूला सायकलवाला उभा असेल तर तो आरशात पाहूनही दिसत नाही. उस्तादाला म्हणा, बाजाराचा दिवस नसताना मोकळ्या मैदानात चार ड्रम ठेवून मला वळवायला लावा. जो उस्ताद हे करेल त्याला चहा तुमच्याकडून.

उस्ताद एक सांगतात, सेफ्टीवाले उलटंच. कोणाचं ऐकू?

यावर भांडणं होतात म्हणून सविस्तर लिहितो. नेहमीचं उदाहरण न्यूट्रलचं. उतार आला की जुना उस्ताद म्हणतो, "अबे, डिझेल कायले जाळतं? न्यूट्रल मार." सेफ्टीवाला, म्हणजे कंपनीच्या सुरक्षा विभागाचा माणूस, म्हणतो, न्यूट्रल दिसलं तर गेटपास काढून घेईन.

जुन्या पंपाच्या गाडीवर उस्तादाच्या बोलण्यात थोडंफार तथ्य असेल. बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्या एप्रिल २०२० पासून आल्या, त्यांचं इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्शन बंद होतं आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर मात्र इंजिनाला बंद न पडण्यासाठी डिझेल प्यावंच लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी न्यूट्रल मारतात ती बचत गिअरमध्ये आहे. वरून इंजिन ब्रेक गेला, सगळा भार लायनरवर आला, ड्रम तापले आणि घाटाच्या शेवटच्या वळणावर पाय दाबूनही गाडी थांबेना, हे वेगळंच.

धुराची घाण कमी करायला नव्या गाड्यांत युरियाची टाकी असते, तिचंही तसंच. त्यात पाणी टाकून काम भागतं असं सांगणारा उस्ताद आजही भेटतो. दोन-चार दिवसांत दिवा लागतो, गाडी ताकद सोडते आणि बिल तुमच्या नावावर निघतं.

पण उलटंही असतं. सेफ्टीच्या माणसाने कधी भरलेली गाडी चालवलेली नसते. तो चेकलिस्ट वाचतो. वजनकाट्यावरून निघताना गाडी एका अंगाला झुकतेय, म्हणजे लोडरवाल्याने माल एका बाजूला टाकलाय, हे त्याच्या कागदात कुठेच नसतं. उस्तादाला ते ढुंगणाखालच्या सीटवरून कळतं. तेव्हा हाताचं काम उस्तादाचं ऐका, यंत्राचं आणि नियमाचं सेफ्टीवाल्याचं ऐका, आणि दोघांनाही 'का' म्हणून विचारा. ज्याला 'का' सांगता येत नाही त्याचं त्या मुद्द्यापुरतं सोडून द्या.

उस्ताद शिव्या देतात. कधी हातही उचलतात.

शिव्या या लाईनीत आहेत आणि लगेच जाणार नाहीत. रिव्हर्समध्ये मागे माणूस असताना "थांब भैताडा" ऐकू आलं तर वाईट वाटून घेऊ नका, थांबा. हात उचलणं वेगळं. गाडी चालू असताना चालवणाऱ्याला मारणारा माणूस शिकवण्याच्या लायकीचा नाही, मग त्याला कितीही अनुभव असो. सेठकडे जा आणि उस्ताद बदलून मागा. भांडण म्हणून सांगू नका, "यांच्यासोबत माझ्या हातून गाडी ठोकली जाईल" असं सांगा. सेठला गाडीची भाषा लवकर समजते.

भत्त्यातला हिस्सा मागतात.

शिकवणीचे म्हणून आधी ठरलं असेल तर द्या. न ठरवता दर खेपेला कापत असतील तर सेठसमोर एकदाच विषय काढून मोकळे व्हा.

सेफ्टी डिपार्टमेंट नेमकं कोणाच्या बाजूचं?

कंपनीच्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण कंपनी म्हणजे एक माणूस नाही. एकाच कंपनीत सेफ्टीवाला म्हणतो गाडी थांबव आणि डिस्पॅचवाला म्हणतो गाडी पळव, दोघांचे पगार एकाच खात्यातून होतात. नव्या पोराचा राग सेफ्टीवर निघतो, कारण तो गेटवर उभा दिसतो, बुटाची लेस बघतो, हेल्मेटचा पट्टा ओढून पाहतो. तुम्हाला झोपू न देणारा माणूस मात्र फोनवर असतो. माझ्या अनुभवात ड्रायव्हरला संकटात टाकतो तो फोन. सेफ्टीवाल्याच्या वहीत लिहिलेला एक ओळीचा शेरा पुढे तुमच्याच कामी येऊ शकतो, तो कसा ते खाली येईल.

टूलबॉक्स टॉकला नुसती सही मागतात. करायची का?

शिफ्टच्या आधी टिनाच्या शेडखाली सगळे उभे, कोणी दुपट्टा तोंडाला गुंडाळलेला, कोणी मोबाईलमध्ये, आणि रजिस्टर हातोहात फिरतं. बोलणं दोन मिनिटं, सही मात्र सगळ्यांची. ती सही म्हणजे "मला हे सांगितलं होतं" अशी तुमची कबुली आहे. अपघातानंतर सगळ्यात आधी तेच रजिस्टर बाहेर निघतं. म्हणून वरची ओळ वाचा, विषय काय लिहिलाय ते पाहा. जे सांगितलंच नाही त्यावर सही करायची वेळ आली तर निदान विचारा, "साहेब, हे कधी सांगितलं?" बहुतेक वेळा तो तिथेच सांगून टाकतो.

कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. जॉइनिंगच्या दिवशी गठ्ठ्यात एखादा कोरा स्टॅम्प पेपर हमखास असतो.

खाणीच्या आत पहिल्यांदा जायचं आहे. काय वेगळं?

खूप काही. आत गेलात की खाणीचे नियमही लागू होतात आणि त्यावर खाण सुरक्षा महासंचालनालयाची नजर असते. व्हीटीसीचं (व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचं) प्रशिक्षण आणि मेडिकल झाल्याशिवाय गेटपास मिळायला नको. १९६६ पासून खाणीतल्या कामगाराच्या प्रशिक्षणाचे नियमच आहेत. कुणी पैसे घेऊन थेट कार्ड देत असेल तर घेऊ नका. तिथे जे शिकवतात ते बाहेर कुठेच कामाला येत नाही, पण आत पहिल्याच दिवशी लागतं.

साठ आणि शंभर टनी डंपर एवढे उंच असतात की त्यांच्या ऑपरेटरला नाकासमोर उभी असलेली बोलेरोही दिसत नाही. तुमचा हायवा तुम्हाला मोठा वाटतो, त्याला नाही वाटत. त्याच्या मागे चिकटून उभं राहायचं नाही, त्याला ओव्हरटेक करायचं नाही, आणि तो तुम्हाला पाहतोय असं धरून चालायचं नाही. बॅक हॉर्न बंद असेल तर गाडी आत नेऊच नका. डंपवर, म्हणजे माती टाकायच्या ढिगाऱ्यावर, रिव्हर्स घेताना कडेचा मातीचा बांध हा खूण म्हणून असतो, चाक टेकवायला नाही. पावसाळ्यात तर तो बांध आतून पोकळ झालेला असतो.

माल ओतायला टिपरची बॉडी उचलताना काय पाहायचं?

वर पाहायचं. आधी वर, मग मागे, मग खाली जमीन सपाट आहे का ते. शेताच्या कडेला, गिट्टी खदानीच्या तोंडाशी अकरा हजारांची लाईन लोंबलेली असते. बॉडी वर असताना गाडी पुढे घेणं हे या कामातलं सगळ्यात मूर्ख मरण आहे.

तरीही तार लागलीच तर केबिनमध्येच बसून राहा. दरवाजा उघडून एक पाय जमिनीवर आणि एक हात गाडीला असं झालं की करंट तुमच्यातून जातो. लोकांना ओरडून लांब ठेवा, लाईन बंद होईपर्यंत थांबा. गाडीने पेटच घेतला तर दोन्ही पाय जुळवून, गाडीला न शिवता उडी मारा आणि पाय जुळवलेलेच ठेवून उड्या मारत लांब जा. पळू नका, पावलांमधल्या अंतरातही झटका बसतो. हे सगळं प्रत्येक सेफ्टीवाल्याने करून दाखवायला हवं. दाखवत नसतील तर मागा.

सुपरवायझर म्हणतो, "अजून एक खेप मार." डोळे मिटत असतात. नाही कसं म्हणू?

कायद्याने माप ठरलेलं आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं चालत आलं आहे. आपल्या रोडवर ते कितपत पाळतात हे मी सांगायला नको. काट्यावरची लाईन, लोडिंगची वाट पाहणं हे तास कोणी धरतच नाही, आणि झोपही तिथेच मोडते.

मी पोरांना एक रीत सांगतो. "जमत नाही" म्हणू नका, त्याचं लगेच "तू कामचुकार" होतं. व्हॉट्सॲपवर लिहा: "काल सकाळी सहापासून ड्युटीवर आहे, झोप झाली नाही, गाडी पार्किंगला लावतो, चार तासांनी निघतो." बस एवढंच. हा मेसेज पाहून "तरी चल" असं लिहिण्याची हिंमत फार थोड्या सुपरवायझरांत असते. फोनवर बोलायला सगळेच शूर. तोच मेसेज सेफ्टीच्या माणसालाही टाका. त्याच्या वहीत शेरा आला की उद्या खेप बुडाल्याचा हिशेब एकट्या तुमच्याकडून मागता येत नाही.

रात्री दोन ते पाच हा वेळ अंगाचाच झोपेचा असतो. खर्रा चघळून, गाणी लावून तो टळत नाही. चंद्रपूर-मूल रोडवर तर त्या वेळी जनावरं रस्त्यावर असतात, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) तर इतरत्रही.

ओव्हरलोड भरून देतात. दंड कोणाला?

कायद्यात वीस हजार, आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार. जास्तीचा माल उतरवावाही लागतो. ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने झालं असं कोर्ट धरू शकतं, तेव्हा सगळं तुमच्यावर ढकलता येत नाही. दहा चाकी गाडीचं पासिंग मालासकट साडेअठ्ठावीस टन. काट्याच्या पावतीचा फोटो दर खेपेला काढून ठेवा.

जीपीएसवर "हार्श ब्रेक" दाखवून पॉइंट कापतात. समोर गाय आली तर काय करू?

ब्रेकच मारा. मग गाडी बाजूला घेऊन लगेच कळवा: वेळ, किलोमीटरचा दगड, कारण. संध्याकाळी सांगितलेलं कारण बहाणा वाटतं, पाच मिनिटांत सांगितलेलं रिपोर्ट होतं. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांमुळे हे रोजचंच असतं, सेफ्टीच्या माणसालाही ते माहीत असतं. केबिनमधल्या कॅमेऱ्याचा अनेकांना राग येतो. मला नाही येत. समोरचा राँग साइडने आला होता हे सांगणारा साक्षीदार फुकटात मिळतो.

रात्री घेतली, सकाळी गेटवर मशीनमध्ये आली. आता?

आता घरी. कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, पण बऱ्याच प्लांटच्या गेटवर शून्यच चालतं. आंघोळ, लिंबू, चहा, बडीशेप यांनी वास जातो, आकडा जात नाही.

अपघात झाला तर पळायचं की थांबायचं?

जखमीला मदत करायची, १०८ ला फोन लावायचा, ११२ ला कळवायचं. हायवेवर १०३३ पण चालतो. लोक मारायला धावले तर थांबून मार खायचा असं कायदाही म्हणत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जखमीला दवाखान्यात नेण्याचं कर्तव्य सांगताना जमावाच्या क्षोभाचा अपवाद स्पष्ट लिहिला आहे. मग सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं, २४ तासांच्या आत. वाटेतूनच ११२ ला सांगून ठेवलं तर कॉलची वेळ तुमच्या बाजूने बोलते.

"दहा वर्षांचा कायदा" (मृत्यू घडवून न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत कैद) लागला का, असंही विचारतात. जानेवारी २०२४ मध्ये ज्यावरून ड्रायव्हरांनी संप केला आणि नागपुरात पंपांवर रांगा लागल्या, ते कलम १०६ चं दुसरं पोटकलम. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते बाजूला ठेवलं गेलं. पहिलं पोटकलम मात्र लागू आहे, निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत.

आरसा फुटला, टायर बसला, पगारातून कापतात.

तुमची चूक आहे का हे विचारून, तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नुकसान कापता येत नाही, असं वेतनाचा कायदा सांगतो. मे महिन्यात जुना रिमोल्ड टायर फुटला तर ती ड्रायव्हरची चूक कशी? गाडी ताब्यात घेताना सहाही बाजूंनी फोटो काढा, टायरचे नंबर दिसतील असे. तापलेल्या टायरची हवा मात्र कमी करू नका, तो थंड झाला की कमी हवेवर चालतो आणि आणखी तापतो.

सेठ ओरिजिनल लायसन्स ठेवून घेतो.

देऊ नका. झेरॉक्स द्या. आधीच दिलं असेल तर डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स तपासणीत चालतं, तेवढ्यावर काम चालू ठेवा आणि ओरिजिनल लेखी मागा.

उन्हाळ्यात केबिनमध्ये बसवत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. तुमच्या हातात जुनीच गाडी येणार, तेव्हा ओआरएस, कांदा, ओला दुपट्टा, आणि दुपारच्या खेपेला सावलीत अर्धा तास. चक्कर, मळमळ आणि घाम थांबणं ही गाडी उभी करायची खूण आहे.

पावसात गाडी साइडला लावली आणि रुतली.

काळी माती वरून सुकलेली दिसते, आत लोणी असते. भरलेली गाडी डांबर सोडून खाली उतरवूच नका. एक बाजू बसली की जास्त रेस करू नका, गाडी आडवी होते. माल उतरवा किंवा जेसीबी बोलवा.

मुलींना हे काम जमतं का?

जमतं. अडचण स्टिअरिंगची नाही आणि कायद्याचीही नाही. काट्यावर आणि पार्किंगला संडास-बाथरूम नसतं, ती आहे. सेफ्टी कमिटीत हा मुद्दा बायकांनीच मांडावा लागतो असं नाही, पुरुषांनाही ते लागतंच.

ब्लॅकलिस्ट केलं म्हणतात. कारण सांगत नाहीत.

लेखी मागा. ट्रान्सपोर्टरमार्फत प्लांटच्या सेफ्टीला अर्ज द्या आणि पुन्हा ट्रेनिंगला बसायची तयारी दाखवा. पहिल्या वेळी बहुतेक ठिकाणी त्यावर भागतं. दारू किंवा मारामारीचं प्रकरण असेल तर नाही भागत.

नोकरी सोडताना काय घेऊन निघायचं?

अनुभवाचा दाखला, व्हीटीसी कार्डाची प्रत, शेवटचा हिशेब सही-शिक्क्यासह, आणि गाडी परत देतानाचे फोटो. चाबी कोणाच्या हातात दिली आणि किती वाजता, तेही त्याच मेसेजमध्ये लिहून टाका.